श्लेष्मकवकांची नोंद : भारतातील विविधता व प्रसार

मृगाच्या सरी बरसून गेल्या की रानातील कुजलेल्या ओंडक्यावर, उकिरड्याच्या कडेला, शेतातील पाचटावर किंवा लाकडाच्या वखारीतील भुशावर एखाद्या सकाळी पिवळाधमक, फेसाळ गोळा पसरलेला दिसतो. आदल्या संध्याकाळी तेथे काहीही नसते. एकदोन दिवसांत त्याचा रंग उडतो, त्यावर ठिसूळ कवच धरते आणि बोटाचा धक्का लागताच आतून काळपट भुकटी उडू लागते. आठवड्याभरात पावसाने सर्व धुऊन जाते व पाहणाराही ते विसरून जातो. या गोळ्याचे शास्त्रीय नाव फुलिगो सेप्टिका असे असून तो श्लेष्मकवक, म्हणजे इंग्रजीत ज्यास स्लाइम मोल्ड म्हणतात, या जीवगटातील सर्वांत ठळक प्रतिनिधी होय.

अज्ञानातून भीती कशी उत्पन्न होते याचे एक उदाहरण या जीवाने घालून दिले आहे. १९७३ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस शहराच्या परिसरातील घरांच्या अंगणांत असेच पिवळे गोळे आढळले. ते सरकतात व वाढतात हे पाहून नागरिक घाबरले आणि वृत्तपत्रांतून नाना तर्क प्रसिद्ध झाले. अखेर तज्ज्ञांनी ते निरुपद्रवी श्लेष्मकवक असल्याचे सांगितले, तेव्हा ही खळबळ शमली.

एखाद्या देशात असे जीव किती प्रकारचे आहेत व ते कोठे कोठे आढळतात याची पद्धतशीर सूची करणे हे वरवर पाहता केवळ तज्ज्ञांचे काम वाटते. प्रत्यक्षात मात्र अशा सूचीचा पाया म्हणजे ठिकाण, तारीख व आधार यांची खात्रीलायक नोंद असलेला एकेक नमुना होय. आणि असा नमुना गावातील शिक्षक, विद्यार्थी वा शेतकरीही मिळवू शकतो. भारतातील श्लेष्मकवकांच्या नोंदीचा इतिहास हेच दाखवितो.

श्लेष्मकवक म्हणजे काय?

नावात ‘कवक’ असले तरी हे जीव खऱ्या अर्थाने कवके नव्हेत. भूछत्रे व बुरशी यांच्याप्रमाणे ते बीजुकांची भुकटी निर्माण करतात, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना दीर्घकाळ कवकांत गणले. १८३३ साली लिंक या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना मिक्सोमायसिटीज, म्हणजे श्लेष्मकवक, हे नाव दिले. पुढे १८५९ साली आंतोन दे बारी यांनी त्यांच्या जीवनक्रमातील प्राणिसदृश अवस्था दाखवून त्यांस मायसीटोझोआ, अर्थात कवकप्राणी, असे संबोधिले. आजच्या वर्गीकरणात त्यांचे स्थान अमीबांच्या समूहात मानले जाते. तथापि कवकतज्ज्ञांनीच त्यांचा अभ्यास केल्यामुळे त्यांचे नमुने आजही बहुतेक ठिकाणी कवकांच्या संग्रहातच ठेवलेले आढळतात.

येथे एक भेद स्पष्ट करणे इष्ट आहे. कोबीवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी आणणारा प्लाझ्मोडिओफोरा हा रोगकारक जीव पूर्वी श्लेष्मकवकांच्या शेजारी गणला जाई. परंतु त्याचे कुळ अगदी निराळे आहे. तसेच मातीत एकेकट्या राहणाऱ्या व अन्न संपताच एकत्र येणाऱ्या डिक्टिओस्टेलियमसारख्या पेशीय श्लेष्मकवकांचा गटही वेगळा असून त्यांची सूची स्वतंत्रपणे केली जाते. प्रस्तुत लेखात केवळ मिक्सोमायसिटीज या गटाचा विचार केला आहे. या गटातील सुमारे एक हजार जाती आजवर जगभरातून ज्ञात झालेल्या आहेत.

जीवनक्रम

श्लेष्मकवकाचे बीजुक साधारणतः एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असते. ओलावा मिळताच ते फुटून त्यातून एक सूक्ष्म पेशी बाहेर पडते. परिस्थिती बेताची ओलसर असल्यास ही पेशी अमीबाप्रमाणे सरपटते. पाणी भरपूर असल्यास तिला चाबकासारख्या शेपट्या फुटतात व ती पोहू लागते. पाण्याच्या प्रमाणानुसार ती या दोन रूपांत पुनःपुन्हा बदलू शकते आणि कोरड पडल्यास स्वतःभोवती आवरण निर्माण करून स्वस्थ राहते. जिवाणू हे तिचे मुख्य अन्न होय.

अनुरूप अशा दोन पेशींचा संयोग झाला म्हणजे या जीवाची विलक्षण अवस्था सुरू होते. संयोगातून झालेल्या पेशीचे केंद्रक विभागत जाते, पण पेशी विभागत नाही. त्यामुळे हजारो, प्रसंगी लाखो केंद्रके असलेला जीवद्रव्याचा एकच उघडा पुंज तयार होतो. यास प्लाझ्मोडियम असे म्हणतात. काही जातींत तो सूक्ष्मदर्शकावाचून दिसणारही नाही इतका लहान असतो, तर फुलिगोसारख्या जातींत तळहाताहून मोठा होतो. त्यातील शिरांच्या जाळ्यामधून जीवद्रव्य एका दिशेने वाहते, क्षणभर थांबते व उलट दिशेने वाहू लागते. या हेलकाव्यांमुळे संपूर्ण पुंज ताशी काही सेंटीमीटर वेगाने पुढे सरकतो आणि वाटेतील जिवाणू, किण्व व कवके गिळत जातो.

या जीवास मेंदू नाही व मज्जातंतूही नाहीत. असे असूनही जपानमधील संशोधक तोशियुकी नाकागाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली असे दाखविले की, फायसॅरम पॉलिसेफॅलम या जातीचा प्लाझ्मोडियम भूलभुलैयाच्या दोन टोकांस ठेवलेल्या अन्नामधील सर्वांत जवळचा मार्ग शोधून काढतो. २०१० साली टोकियो परिसरातील शहरांच्या जागी ओटचे दाणे ठेवून केलेल्या प्रयोगात याच जातीने विणलेले जाळे तेथील रेल्वेमार्गांच्या जाळ्याशी बरेचसे मिळतेजुळते आढळले. तेव्हापासून अभियंते व गणितज्ञही या जीवाकडे कुतूहलाने पाहू लागले आहेत.

अन्न संपले किंवा हवामान बदलले म्हणजे प्लाझ्मोडियम अंधाऱ्या व ओल्या जागेतून बाहेर, उजेडाकडे येतो आणि अवघ्या काही तासांत त्याचे फलपिंडांत रूपांतर होते. कोठे काळ्या केसांसारख्या देठांवर तपकिरी पिसे उभी राहावीत तसा स्टेमोनायटिसचा झुबका दिसतो. कोठे आर्सिरियाचे लालचुटुक किंवा करडे तुरे. कोठे हेमिट्रायकिया सर्प्युलाची सोनेरी साखळी, तर कोठे लायकोगालाच्या वाटाण्याएवढ्या गुलाबी गोळ्या. फायसॅरम व त्याच्या नातलगांच्या आवरणात चुन्याचे कण असल्यामुळे ती पांढुरकी दिसतात. या फलपिंडांचा आकार, आतील तंतूंची जाळी, चुन्याचे अस्तित्व आणि बीजुकांचा रंग व त्यांवरील नक्षी यांवरूनच जात ओळखली जाते. म्हणून सूचीच्या दृष्टीने फलपिंडाचा काळ हा सर्वांत महत्त्वाचा होय.

निसर्गातील कार्य व प्रचलित गैरसमज

कुजणाऱ्या लाकडात व पालापाचोळ्यात जिवाणूंची प्रचंड वाढ होत असते. त्यांनी आपल्या शरीरात साठविलेले नत्र व इतर द्रव्ये मातीस परत मिळण्यासाठी त्या जिवाणूंना खाणाऱ्या जीवांची आवश्यकता असते. श्लेष्मकवकांच्या अमीबासारख्या पेशी मातीत व पाचोळ्यात हे कार्य करतात. त्यांच्या बीजुकांवर काही बारीक भुंगेऱ्यांची उपजीविका चालते. सारांश, सुपीकता टिकविणाऱ्या अदृश्य साखळीतील ते एक दुवा आहेत.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. दमट हवेत रोपवाटिकेतील रोपांवर, हिरवळीवर किंवा जमिनीलगतच्या पानांवर काही वेळा राखाडी अथवा पांढरे दाणे दाटीने चिकटलेले आढळतात. ही बहुधा फायसॅरम सिनेरियम किंवा तत्सम जातींची फलपिंडे असतात. त्यांची मुळे पानात शिरत नाहीत व ती वनस्पतीचा रस शोषीत नाहीत; जमिनीवरून सरकत आलेला प्लाझ्मोडियम बीजुके उंचावरून पसरावीत म्हणून पानावर चढलेला असतो, इतकेच. फार दाटी झाल्यास पानास ऊन कमी मिळते, परंतु तो रोग नव्हे. पाण्याच्या झोताने धुऊन काढल्यास व हवा खेळती ठेवल्यास काम भागते. औषधफवारणीचा खर्च करण्याचे कारण नसते. ही साधी ओळख पटणे हाही सूचीकार्याचा एक प्रत्यक्ष लाभ आहे.

नोंदीचा आरंभ

श्लेष्मकवकाचे छापील वर्णन सतराव्या शतकापासून आढळते. थॉमस पान्को यांनी १६५४ साली लायकोगालाचे चित्र दिले, मात्र ते भूछत्र समजून. लिनियसने १७५३ साली त्याच जीवास लायकोपर्डॉन या कवकवंशात व १७६३ साली फुलिगोस म्यूकर या बुरशीच्या वंशात घातले. एकाच जीवास निरनिराळ्या काळी निरनिराळी नावे मिळत गेल्यामुळे सूचीकारास प्रथम नावांचाच गुंता सोडवावा लागतो. दे बारी यांचे पोलिश शिष्य रोस्ताफिन्स्की यांनी १८७३ ते १८७५ या काळात पहिला सर्वसमावेशक ग्रंथ सिद्ध केला.

त्यानंतरचा टप्पा विशेष बोधप्रद आहे. १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश ग्रंथाचे कर्ते आर्थर लिस्टर हे व्यवसायाने मद्यव्यापारी होते, प्राध्यापक नव्हते. त्यांची कन्या गुलिएल्मा लिस्टर यांनी वडिलांसमवेत व त्यांच्या पश्चात हे कार्य चालविले आणि १९११ व १९२५ साली ग्रंथाच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. जगाच्या कानाकोपऱ्यांतून हौशी संग्राहक त्यांच्याकडे टपालाने नमुने पाठवीत. १९६९ साली मार्टिन व अलेक्सोपोलस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी जगातील सर्व ज्ञात जातींचा ग्रंथ प्रसिद्ध केला व पुढील सर्व देशांच्या सूचींस तो आधारभूत ठरला.

भारतातील कार्य

भारतात या विषयाची स्वतंत्र मांडणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली. ब्रूल व सेनगुप्ता यांचा भारतीय श्लेष्मकवकांवरील निबंध १९२७ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या अभिलेखमालेत प्रसिद्ध झाला. १९३४ साली लाहोर येथील पंजाब विद्यापीठाने शेर अहमद लोधी यांचा ग्रंथ प्रकाशित केला.

स्वातंत्र्योत्तर काळात करतार सिंग थिंद व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मसुरीच्या डोंगरांतील श्लेष्मकवकांवर लेखमाला लिहिली. तिचा आरंभ १९५५ साली झाला. एकाच डोंगराळ प्रदेशात ऋतुमागून ऋतू परत जाऊन नमुने गोळा करण्याच्या या पद्धतीमुळे वायव्य हिमालय हा या दृष्टीने देशातील सुपरिचित प्रदेश बनला. थिंद यांचा ‘भारतातील मिक्सोमायसिटीज’ हा इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७७ साली प्रसिद्ध केला. १९८१ साली लखनपाल व मुखर्जी यांचा भारतीय जातींच्या वर्गीकरणावरील ग्रंथ निघाला.

महाराष्ट्राचाही या कार्यात वाटा आहे. राज्यातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांतील अध्यापकांनी येथील श्लेष्मकवकांवर शोधनिबंध लिहिले. पुढे २०१२ साली रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विखुरलेल्या निबंधांतील नोंदी एकत्र करून भारतातील श्लेष्मकवकांची तपासणीसूची एका कवकशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आज भारतातून ज्ञात असलेल्या जातींची संख्या तीनशेहून अधिक आहे. पुणे येथील आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर कवकसंग्रह आणि नवी दिल्ली येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा १९०५ पासूनचा कवकसंग्रह ही अशा नमुन्यांच्या जतनाची मान्यवर स्थाने होत.

नकाशावरील रिकाम्या जागा

एखाद्या जातीच्या प्रसाराचा नकाशा काढावयाचा तर प्रत्येक नोंदीमागे एक ठिपका द्यावा लागतो. असा नकाशा भारतापुरता मांडल्यास ठिपके मसुरी, सिमला, दार्जिलिंग, आसाम यांसारख्या स्थळांभोवती आणि काही विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या आसपास दाटलेले दिसतात. यावरून श्लेष्मकवके विद्यापीठांच्या शेजारी राहणे पसंत करतात असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. जेथे पाहणारा होता तेथे नोंद झाली; जेथे कोणी पाहिले नाही तेथे नकाशा कोरा राहिला. कोरी जागा म्हणजे अभाव नव्हे, हे प्रसाराच्या अभ्यासातील पहिले सूत्र होय.

दुसरी अडचण शोधण्याच्या सवयीची आहे. संग्राहक बहुधा वनातील कुजलेले लाकूड पाहतो, कारण तेथील फलपिंडे मोठी व रंगीत असतात. परंतु १९३३ साली गिल्बर्ट व मार्टिन यांनी जिवंत झाडांच्या सालींचे तुकडे ओलसर काचपात्रात ठेवले असता त्यांवर अतिसूक्ष्म जाती उगवून आल्या. या दमटपात्र पद्धतीने अनेक प्रदेशांच्या याद्यांत मोठी भर पडली. कोस्टा रिकासारख्या उष्ण प्रदेशातील अभ्यासात मोठ्या पानांच्या वनस्पतींच्या फुलोऱ्यांवर, तर युरोपातील आल्प्स पर्वतात वितळत्या बर्फाच्या कडेला वैशिष्ट्यपूर्ण जाती सापडल्या. काही जाती शाकाहारी प्राण्यांच्या शेणावर व लेंड्यांवरच आढळतात. वाळवंटेही त्यांना वर्ज्य नाहीत. जो आधार तपासलाच नाही, त्यावरील जाती यादीत येणार नाहीत हे उघड आहे.

तिसरी अडचण नावांची. रंगरूपावरून एकच मानलेली जात जनुकीय तपासणीत अनेक जातींचा समूह ठरू शकते. जगभर आढळणारी म्हणून प्रसिद्ध असलेली लायकोगाला एपिडेन्ड्रम ही याचे ठळक उदाहरण होय. २०२३ साली लायकोगाला वंशातील पंधरा नव्या जातींचे वर्णन एकाच निबंधात प्रसिद्ध झाले. अशा वेळी जुन्या यादीतील नुसत्या नावाचा उपयोग राहत नाही. तो नमुना संग्रहात जपलेला असेल तरच तो पुन्हा उघडून, तपासून नव्या नावाखाली नोंदविता येतो. नमुन्यावाचूनचे नाव म्हणजे साक्षीदारावाचूनची साक्ष होय.

कोठे पाहावे, कसे जपावे

या कामास लागणारी सामग्री अगदी साधी आहे : दहापट मोठे दाखविणारे हातभिंग, लहान चाकू, पेन्सिल, कागदाच्या चिठ्ठ्या, डिंक व रिकाम्या काडेपेट्या. पावसाळ्याच्या आरंभापासून दिवाळीपर्यंतचा काळ सर्वांत अनुकूल. साल सुटत आलेले ओंडके, बांधावरील पालापाचोळ्याचा खालचा थर, भाताच्या पेंढ्याची गंजी, केळीचे वाळलेले सोप, नारळाच्या झावळ्या, उसाचे पाचट व जुने शेणखत ही पाहण्याची ठिकाणे होत.

फलपिंड दिसल्यास ते खरवडून काढू नये. खालील लाकडाच्या वा पानाच्या तुकड्यासह उचलावे. ते अजून ओले व मऊ असल्यास पूर्ण पक्व होईपर्यंत सावलीत ठेवावे. वनस्पतींचे नमुने दाबून वाळवितात तसे हे कधीही दाबू नयेत, कारण त्यांचा आकार हीच त्यांची ओळख असते. वाळल्यावर तो तुकडा काडेपेटीच्या आतील खणाच्या तळाशी डिंकाने चिकटवावा. जगातील नामांकित संग्रहांतूनही हे नमुने अशाच लहान पेट्यांत ठेवलेले आढळतात. नीट वाळवून कोरड्या व किडीपासून सुरक्षित जागी ठेवलेला नमुना अनेक दशके टिकतो.

पेटीवरील चिठ्ठी नमुन्याइतकीच मोलाची असते. तीवर गाव, तालुका, जिल्हा व नेमकी जागा, तारीख, कोणत्या झाडाच्या कोणत्या भागावर सापडले, समुद्रसपाटीपासूनची उंची ज्ञात असल्यास ती, आणि गोळा करणाऱ्याचे नाव या बाबी असाव्यात. शास्त्रीय नाव ठाऊक नसल्यास ती जागा मोकळी सोडावी. ते पुढे केव्हाही लिहिता येते. परंतु ठिकाण व तारीख मागाहून कोणासही भरता येत नाही.

दमटपात्र पद्धत शाळेतही करण्याजोगी आहे. काचेच्या झाकणाच्या बशीत टीपकागद अंथरून त्यावर झाडाच्या सुट्या सालीचे तुकडे ठेवावे व ते बुडेपर्यंत स्वच्छ पाणी घालावे. दुसऱ्या दिवशी जादा पाणी काढून टाकावे व बशी उन्हापासून दूर ठेवावी. दोन दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत अधूनमधून हातभिंगाने पाहत राहावे. सालीचा सामू मोजल्यास आम्लतेनुसार जाती कशा बदलतात हेही विद्यार्थ्यांस दाखविता येते. आंबा, वड, बाभूळ व नारळ यांच्या साली शेजारीशेजारी ठेवून केलेली तुलना हा एका सत्राचा उत्तम प्रकल्प होऊ शकेल.

दोन पथ्ये अवश्य पाळावीत. अभयारण्यातून वा राष्ट्रीय उद्यानातून कोणताही नमुना वनविभागाच्या परवानगीवाचून उचलू नये. तसेच बीजुकांची भुकटी नाकातोंडात जाणार नाही याची काळजी घ्यावी व हाताळल्यावर हात धुवावेत; दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी विशेष जपावे.

जपानमधील एक उदाहरण

एका जीवगटाची नोंद समाजाच्या उपयोगी कशी पडते, हे जपानच्या इतिहासातून दिसते. मिनाकाता कुमागुसु हे १८६७ साली जन्मलेले विद्वान १८९२ ते १९०० या काळात लंडनमध्ये राहिले व मायदेशी परतल्यावर तानाबे या लहान गावी स्थायिक झाले. त्यांच्याकडे विद्यापीठाचे पद नव्हते. ते आसपासच्या देवस्थानांच्या राया पालथ्या घालीत व श्लेष्मकवकांचे नमुने गुलिएल्मा लिस्टर यांच्याकडे पाठवीत. १९१७ साली स्वतःच्या अंगणातील झाडावर त्यांना एक अपरिचित श्लेष्मकवक सापडले. लिस्टर यांनी १९२१ साली त्यास मिनाकातेला लाँगिफिला हे नाव दिले.

१९०६ साली जपान सरकारने लहान देवस्थाने मोठ्या देवस्थानांत विलीन करण्याचे धोरण स्वीकारले. देवस्थान गेले की त्याभोवतीची शेकडो वर्षांची राई तोडून लाकूड विकले जाई. मिनाकाता यांनी या धोरणाविरुद्ध लेख लिहिले, पत्रे पाठविली व १९१० साली त्यापायी अटकही सोसली. राई तुटल्यास केवळ श्रद्धेचे स्थान जात नाही, तर अन्यत्र न सापडणारे जीवही जातात, हा त्यांचा युक्तिवाद होता. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ त्यांच्याजवळ राईराईतील प्रत्यक्ष नमुने होते. १९२० साली जपानच्या वरिष्ठ सभागृहाने हे धोरण पुढे न नेण्याचा निर्णय घेतला. १९२९ साली स्वतः जीवशास्त्राचे अभ्यासक असलेल्या सम्राट हिरोहितो यांनी तानाबेच्या उपसागरातील काशिमा बेटास भेट दिली, तेव्हा मिनाकाता यांनी त्यांना श्लेष्मकवकांचे ११० नमुने मिठाईच्या डब्यांतून सादर केले. ते राईचे बेट १९३५ साली राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक म्हणून घोषित झाले.

देवराई, शाळा व ग्रामपंचायत

महाराष्ट्रातील वाचकास हे वाचून आपल्या देवराया आठवल्यावाचून राहणार नाहीत. सह्याद्रीतील देवरायांचे वनस्पतिशास्त्रीय महत्त्व माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात अभ्यासपूर्वक मांडले. देवराईतील पडलेले लाकूड न उचलण्याचा संकेत जेथे अद्याप पाळला जातो, तेथे ओंडके जागीच कुजतात; आणि अशीच जागा श्लेष्मकवकांना लागते. रस्तारुंदी, मंदिराचा जीर्णोद्धार किंवा ‘साफसफाई’ यांच्या निमित्ताने खालचा पालापाचोळा जाळला अथवा ओंडके हलविले, तर वरची झाडे उभी राहूनही हे जीवन नाहीसे होऊ शकते. ते होते याची नोंदच नसेल तर गेल्याचेही कळणार नाही.

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची तरतूद केली असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्यांचे एक प्रमुख कर्तव्य आहे. महाराष्ट्रात नागपूर येथील राज्य जैवविविधता मंडळ या कार्यात मार्गदर्शन करते. अशा नोंदवहीत वृक्ष, पिके, पशू व पक्षी यांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळते. तथापि तीत ‘कुजणाऱ्या लाकडावरील व पाचोळ्यावरील जीव’ असे एखादे पान राखून ठेवल्यास कोणताही खर्च येत नाही. तेथे नाव लिहिण्याचा अट्टहास नको. गावकऱ्यांचा स्वतःचा शब्द असल्यास तो लिहावा, छायाचित्र लावावे आणि शाळेतील कपाटात ठेवलेल्या पेटीचा क्रमांक टाकावा. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने वर्षातून एकदा या पेट्या पाहून ओळख पटवावी आणि महत्त्वाचे नमुने मान्यताप्राप्त संग्रहालयाकडे पाठवावेत. नवी जात आढळल्यास तिची माहिती व नमुना निर्देशित भांडारात जमा करणे हे तर उपरोक्त कायद्यानेच बंधनकारक केले आहे.

या योजनेत प्रत्येकाचे काम वेगळे व मर्यादित आहे. विद्यार्थ्याने पाहावे, शिक्षकाने चिठ्ठी अचूक लिहून घ्यावी, ग्रामपंचायतीने नोंदवही जपावी, महाविद्यालयाने ओळख पटवावी आणि संग्रहालयाने नमुना सांभाळावा. यांतील एक कडी तुटली तरी उरलेले श्रम व्यर्थ जातात. विशेषतः चिठ्ठी हरविलेला दुर्मीळ नमुना निरुपयोगी ठरतो, तर पूर्ण चिठ्ठी असलेला सर्वसाधारण नमुनाही देशाच्या नकाशावर एक ठिपका निश्चितपणे वाढवितो.

देशातील श्लेष्मकवकांची सूची आजवर मोजक्या अभ्यासकांनी आपल्या पायी हिंडण्याच्या कक्षेत राहून केली. ती कक्षा वाढविण्यास मोठ्या प्रयोगशाळांची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक पावसाळ्यात प्रत्येक तालुक्यातून दहा चांगल्या पेट्या तयार झाल्या, तरी नकाशावरील कोऱ्या जागा हळूहळू भरू लागतील. आणि आपल्या गावच्या मातीचे पोषण कोण करते, हे सांगू शकणारी एक पिढी त्याबरोबरच घडेल.